कामाच्या ठिकाणी लिथियम बॅटऱ्या ठेवताय, चार्ज करताय? आधी जागा, मग वायरिंग, बॅटरी सगळ्यात शेवटी

हल्ली कुठल्याही छोट्या युनिटमध्ये, गोडाऊनमध्ये नाहीतर पार्सलच्या हबमध्ये शिरा, शटरच्या आतल्या बाजूला एक एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला असतो, त्याला तीन-चार स्कूटरचे चार्जर लटकलेले, बॅटऱ्या खाली फरशीवर एकमेकींना चिकटून, आणि शेजारीच पुठ्ठ्याच्या खोक्यांची चवड. भोसरी असो, वागळे इस्टेट असो, अंबड असो, सगळीकडे तोच प्रकार. बघितलं की पोटात गोळा येतो. होतं काय, आधी गाड्या येतात, मग चार्जर येतात, मग सॉकेट शोधलं जातं, आणि जिथे सॉकेट सापडलं तीच चार्जिंगची जागा ठरते. क्रम पूर्ण उलटा.

म्हणून इथे पायऱ्या क्रमाने लिहितोय. उदाहरणाला नेहमीचा सेटअप धरलाय: पंधरा-वीस माणसं, डिलिव्हरीच्या ८ ई-स्कूटर ज्यांच्या बॅटऱ्या काढून आत आणता येतात, थोडे कॉर्डलेस ड्रिल आणि ग्राइंडर, वर ऑफिसात लॅपटॉप. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, क्रम हाच ठेवा.

सुरू करायच्या आधी एक गैरसमज काढून टाकू. "बीएमएस आहे ना आत, ऑटोकट आहे, काही होत नाही" हे वाक्य जिथे जाल तिथे ऐकू येतं. बीएमएस म्हणजे पॅकच्या आतलं सर्किट, व्होल्टेज, करंट किंवा तापमान वाढलं की ते पॅकचं बाहेरचं कनेक्शन तोडतं. चांगली गोष्ट आहे, हवंच. पण पॅकमधल्या एखाद्या सेलच्या (पॅक अशा छोट्या सेलचाच बनतो) पोटातच शॉर्ट झाला, म्हणजे आतला पातळ प्लास्टिकचा पडदा फाटला, तर बाहेरचं कनेक्शन तोडून काय होणार? तो सेल आपला आपणच तापत जातो, १३० अंशांच्या आसपास तो पडदा वितळायला लागतो, मग शेजारचा सेल, मग त्याच्या शेजारचा. चार्जर काढून घेतला तरी हे थांबत नाही. त्यामुळे खालच्या पायऱ्यांमध्ये दोन कामं आहेत, एक म्हणजे असं होऊ न देणं, आणि दुसरं म्हणजे झालंच तर माणसं बाहेर पडू शकतील अशी सोय आधीच करून ठेवणं.

## १. आधी मोजदाद करा, सगळ्या बॅटऱ्यांची

एक वही घ्या. जागेत जेवढ्या लिथियम बॅटऱ्या येतात-जातात त्या सगळ्या लिहा. स्कूटरच्या आठवतात, बाकीच्या विसरल्या जातात: ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या, बारकोड स्कॅनर, हँडहेल्ड ब्लोअर, वॉकीटॉकी, लॅपटॉप, कामगारांच्या स्वतःच्या पॉवर बँक, आणि दुपारी कुणीतरी घरची इलेक्ट्रिक सायकल आणून गुपचूप प्लगला लावतो ती.

मोठ्या बॅटऱ्यांना प्रत्येकी नंबर द्या, परमनंट मार्करने बॅटरीवरच लिहा. वहीत नंबरापुढे एवढं हवं: किती व्होल्ट, किती अँपिअर-अवर, केमिस्ट्री कुठली (एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, की एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटवाली), कधी घेतली, कुठला चार्जर तिचा. केमिस्ट्री लेबलवर नसेल तर विकणाऱ्याला विचारा, आणि त्याला सांगता येत नसेल तर तो माल परत करण्याच्या लायकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा, वॉट-अवर मिळतात. ६० व्होल्ट, ३० अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॉट-अवर. अशा ८ बॅटऱ्या एका कोपऱ्यात म्हणजे १४,४०० वॉट-अवर. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॉट-अवर असतात. म्हणजे तो कोपरा जवळजवळ ३९० पॉवर बँकांएवढा झाला, आणि मालकाला हा आकडा दाखवला की पुढच्या पायऱ्यांना पैसे मिळतात, हा अनुभव आहे.

तपासा: स्कूटरच्या बॅटरीवर एआयएस-१५६ (इलेक्ट्रिक दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरी सुरक्षेचं भारतीय मानक) प्रमाणे टेस्ट झाल्याचा उल्लेख आहे का. याचे कडक केलेले नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची जुनी बॅटरी असेल, किंवा गाडी रजिस्ट्रेशन न लागणारी २५ किलोमीटर स्पीडवाली असेल, तर त्या बॅटरीपुढे वहीत लाल खूण करा, तिच्यावर जास्त लक्ष ठेवायचंय. कुणीतरी लोकल बनवून दिलेला पॅक असेल तर तो आतमध्ये चार्ज करूच नका.

## २. जागा ठरवा

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि नंतर दुरुस्त करायला सगळ्यात जड जातात.

पहिला नियम: माणूस आणि बाहेरचं दार यांच्यामध्ये बॅटरी कधीच नको. शटरजवळ चार्जिंग सोयीचं पडतं हे मान्य, गाडी लावली, बॅटरी काढली, तिथेच टाकली. पण आत माळ्यावर चार माणसं पॅकिंग करत असतील आणि शटरपाशी पॅक पेटला तर ती चार माणसं अडकली. जिन्याखाली तर अजिबात नको. १२ सप्टेंबर २०२२ ला सिकंदराबादमध्ये खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम आणि वर लॉज अशी बिल्डिंग होती, आग खाली लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि ८ माणसं गेली. वर राहणाऱ्यांचा त्या बॅटऱ्यांशी काही संबंधही नव्हता.

सगळ्यात उत्तम म्हणजे बिल्डिंगच्या बाहेर, भिंतीपासून सुटी अशी छोटी शेड, वर पाऊस लागणार नाही असं छप्पर, बाजू मोकळ्या किंवा जाळीच्या. ते शक्य नसेल तर तळमजल्यावर बाहेरच्या भिंतीला लागून खोली, तिला स्वतःचं बाहेर उघडणारं दार किंवा मोठी खिडकी, आणि आतल्या बाजूला विटांची भिंत. प्लायवूडचं किंवा पीव्हीसीचं पार्टिशन म्हणजे भिंत नाही. बेसमेंट नको, धूर जायला वाट नसते आणि फायर ब्रिगेडवाल्यांना उतरायलाही नसते.

पत्र्याच्या शेडबद्दल वेगळं सांगायला हवं. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असतात तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त असतात. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या ० ते ४५ अंशांच्या मध्येच चार्ज करायच्या असतात. म्हणजे दुपारी त्या शेडमध्ये चार्जिंग नियमातच बसत नाही. पत्र्याखाली सिलिंग मारा, एक्झॉस्ट फॅन लावा, नाहीतर उन्हाळ्यात चार्जिंगची वेळ सकाळची करा. भिंतीवर साधा थर्मामीटर लटकवा, ४० च्या वर गेला की चार्जिंग बंद, वाद नको.

कोकणात आणि गोव्यात उलट त्रास, दमट खारी हवा. कनेक्टरच्या पिना हिरव्या-काळ्या पडतात, तिथे रेझिस्टन्स वाढतो आणि पीन तापते. तिकडे खोली कोरडी हवी आणि पिना जास्त वेळा बघायला हव्यात.

रॅक लोखंडी अँगलचा करा, त्यावर सिमेंट शीट टाका. लाकडी फळी नको, प्लाय नको, खाली पुठ्ठा अंथरायची सवय असते तीही नको. दोन बॅटऱ्यांमध्ये निदान वीतभर अंतर, आणि मध्ये सिमेंट शीटचा उभा तुकडा लावता आला तर फार चांगलं. भोवती ३ मीटरपर्यंत खोकी, थिनर, ऑइल, गॅस सिलिंडर, चिंध्या काहीही नाही. पिवळ्या पट्ट्याने फरशीवर ती हद्द आखून टाका, कारण मोकळी जागा दिसली की तिथे माल येऊन पडतोच.

तपासा: रॅकपाशी उभे राहा आणि समजा की आत्ता इथे ज्वाळा आहेत. जागेतला प्रत्येक माणूस तुमच्याजवळून न जाता बाहेर पडू शकतो का? माळ्यावरचा? टॉयलेटमधला? एकाचंही उत्तर "नाही" आलं तर जागा बदला, पुढची पायरी वाचू नका.

## ३. वायरिंग

चार्जरच्या लेबलवर "इनपुट" लिहिलेलं असतं तो अँपिअरचा आकडा घ्या. आउटपुटवरून हिशोब करू नका, स्वस्त चार्जर लाइनमधून दिसतं त्याहून जास्त करंट ओढतात. समजा लेबलवर इनपुट ५ अँपिअर आहे. तीन चार्जर एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावले की १५ अँपिअर झाले. तो बोर्ड ६ अँपिअरचा, त्याची वायर बारीक, आणि हे अर्धा तास नाही, चार-चार तास रोज. बोर्डची प्लास्टिक बॉडी पिवळी पडते, मग तपकिरी, मग एक दिवस वास येतो. पुष्कळ वेळा "बॅटरी पेटली" म्हणतात ती आग खरं तर बोर्डातून सुरू झालेली असते.

म्हणून चार्जिंग रॅकवर एक्स्टेन्शन बोर्ड नाही, मल्टिप्लग नाही. मेन डीबीपासून (मुख्य वीजपेटी) वेगळं सर्किट ओढा, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच), २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, आणि प्रत्येक चार्जरला भिंतीवर स्वतःचं सॉकेट. अशा एका सर्किटवर सलग चालणारा लोड १२ अँपिअरच्या पुढे नेऊ नका, म्हणजे वरच्या हिशोबाने दोनच चार्जर. चार चार्जरला दोन सर्किट. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच), आणि अर्थिंग खरंच आहे का हे मीटरने बघून घ्या, तिसऱ्या पिनेला नुसती वायर जोडलेली आहे आणि पुढे ती कुठेच जात नाही असं जुन्या गाळ्यांमध्ये सर्रास असतं. हे काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या.

आणखी एक, या सगळ्या सर्किटांना मिळून एक मेन आयसोलेटर (सगळ्यांचा सप्लाय एकदम तोडणारा मोठा स्विच), तो चार्जिंगच्या खोलीच्या बाहेर, बाहेर पडायच्या वाटेवर. आग लागल्यावर रॅकमागे हात घालून स्विच बंद करायला कुणी जाता कामा नये.

जागेत स्मोक डिटेक्टर लावा. बॅटरीवर चालणारा सुटा आवाजवालाही चालेल, पण त्याचा आवाज माणसं जिथे बसतात तिथे पोचतो का ते बटण दाबून, मशीन चालू असताना ऐका.

## ४. चार्जर आणि बॅटरी जुळवा

ही पायरी नीट वाचा. वरकरणी सगळं बरोबर दिसतं आणि तरी चुकतं अशी ही जागा आहे.

बॅटरीवर "६० व्होल्ट" लिहिलंय, चार्जरवर "६० व्होल्ट" लिहिलंय, पीन बसते, लाइट लागते. म्हणजे जुळलं? नाही. ६० हा नावापुरता आकडा आहे. पूर्ण चार्जला व्होल्टेज किती हवं हे आत किती सेल ओळीने जोडलेत आणि कुठल्या केमिस्ट्रीचे आहेत यावर ठरतं. एनएमसीचा एक सेल ४.२ व्होल्टला फुल होतो, एलएफपीचा ३.६५ ला. मग बघा:

- एनएमसी, १६ सेल ओळीने: ६७.२ व्होल्ट
- एनएमसी, १७ सेल ओळीने: ७१.४ व्होल्ट
- एलएफपी, २० सेल ओळीने: ७३ व्होल्ट

तिन्ही बाजारात "साठ व्होल्टची बॅटरी" म्हणून विकल्या जातात. आता ७३ वाला चार्जर चुकून ६७.२ वाल्या बॅटरीला लागला तर प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्टच्या वर दाब येतो. मध्ये फक्त बीएमएस उभा असतो, आणि तो त्या दिवशी नीट असेल तर सुटलात. जुन्या लेड-अ‍ॅसिड गाड्यांचे ६० व्होल्टचे चार्जरही साधारण याच वरच्या रेंजमध्ये जातात आणि गोडाऊनच्या कोपऱ्यात ते पडलेले असतातच, पीनही तीच. असे सगळे चार्जर आजच जागेतून हलवा.

करायचं काय: चार्जरच्या लेबलवर आउटपुटचा नेमका आकडा बघा, ६७.२ की ७१.४ की ७३, दशांशासकट. बॅटरीच्या लेबलवर किंवा पुस्तकात चार्जिंग व्होल्टेज बघा. दोन्ही तंतोतंत एक हवेत. मग दोघांवर एकाच रंगाची टेप गुंडाळा, लाल चार्जर लाल बॅटरीला, निळा निळ्याला. रायडर रोज बदलतात, कुणी मराठी वाचतो, कुणी हिंदी, कुणी काहीच नाही, रंग सगळ्यांना कळतो.

थांबा: चार्जरचा कनेक्टर कापून दुसरा लावलेला दिसला की तो चार्जर बाद. कनेक्टर वेगळा असतो तो बहुतेक वेळा चुकीची जोडी लागू नये म्हणूनच वेगळा असतो. आणि प्लस-मायनस उलटं होण्याची भीती वेगळीच.

टूल्सच्या बॅटऱ्यांनाही हेच लागू. एका ब्रँडची बॅटरी दुसऱ्याच्या चार्जरवर अ‍ॅडॉप्टर लावून चार्ज करायची नाही.

## ५. प्लगला लावण्याआधी एक मिनिट

प्रत्येक बॅटरी, प्रत्येक वेळी. यात चार गोष्टी येतात.

डोळ्यांनी: फुगलीय का, कव्हरला चीर आहे का, स्क्रू निघालेत का, कुठून काही पाझरलंय का. फुगवटा कळत नसेल तर सपाट फरशीवर ठेवा, डुगडुगली तर फुगली.

हाताने: गरम लागतेय का. उन्हातून चाळीस किलोमीटर मारून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, सावलीत ठेवा, साधारण तासभर, हात लावून कोमट लागेपर्यंत. रायडरला घाई असते, लंचनंतर दुसरी राउंड असते, त्यामुळे ही एकच गोष्ट सगळ्यात जास्त मोडली जाते. उपाय म्हणजे जादा दोन बॅटऱ्या ठेवणं, ओरडून काही होत नाही.

नाकाने: गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर आतलं द्रव बाहेर येतंय. थेट पायरी ८.

चौथं म्हणजे पिना. काळ्या, करपलेल्या, ढिल्या, वितळलेल्या नकोत. पॉलिश पेपरने घासून परत लावतात, तसं करू नका, वरचा थर निघून जातो आणि पुढच्या वेळी ती आणखी तापते. कनेक्टर बदलून घ्या.

पावसाळ्यात पाचवी गोष्ट. बॅटरी भिजलीय का, आणि नुसतं वरून ओली आहे की पाण्यात बुडाली होती. वरून ओली असेल तर पुसा, पिना कोरड्या होईपर्यंत थांबा. पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी गेली आणि बॅटरी बुडाली असेल तर ती वरून कोरडी झाली तरी आतून झालीय असं समजू नका, पाणी आत गेलं की दोन दिवसांनीही शॉर्ट होऊ शकतो. हेअर ड्रायर, हॅलोजन, तांदळाचा डबा असले उपाय नकोत. खराब धरा आणि वेगळी करा. गाडी धुताना बॅटरी आधी काढायची, प्रेशर पंपाचं पाणी सीलमधून आत जातं.

पडलेली बॅटरी बाहेरून ठीक दिसते म्हणून लगेच लावू नका. निदान एक दिवस बाहेर मोकळ्यावर, मग सर्व्हिस सेंटरला दाखवा, मगच चार्जिंग.

## ६. चार्जिंगला लावण्याचा क्रम, आणि कधी लावायचं

आधी चार्जरची पीन बॅटरीला नीट आतपर्यंत, मग भिंतीवरचा स्विच चालू. काढताना उलट, आधी स्विच बंद, मग पीन. चालू करंटवर पीन काढली की ठिणगी उडते आणि पिना करपायला तिथूनच सुरुवात होते. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. वायर धरून पीन ओढू नका, चार्जर बॅटरीवर ठेवू नका, त्याच्या पंख्यासमोर जागा ठेवा, वर कापड टाकू नका.

लावल्यावर दहा मिनिटांनी परत जाऊन हात लावा, प्लग, चार्जरची वायर, कनेक्टर. चार्जरची बॉडी गरम असणारच. प्लग किंवा कनेक्टर चटका देण्याइतका तापला असेल तर बंद करा.

आता वेळेचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी नऊला शटर खाली येतं आणि आठही बॅटऱ्या रात्रभर लावून माणसं घरी जातात. हे बंद करायलाच हवं. काही झालं तर पहिल्या दहा मिनिटांत कळायला हवं, आणि तिथे कुणी नसतंच. हिशोब करून बघा: १८०० वॉट-अवरची बॅटरी, ६७.२ व्होल्ट १० अँपिअरचा चार्जर, म्हणजे साधारण ६७० वॉट. पूर्ण रिकामी बॅटरी सुमारे तीन तासांत आणि शेवटचा हळू भरणारा टप्पा धरून चारेक तासांत फुल. चार चार्जर असतील तर सकाळी १० ते २ चार बॅटऱ्या, २ ते ६ उरलेल्या चार. आठही बॅटऱ्या माणसं असतानाच होतात. जादा बॅटऱ्या दोन घेतल्यात तर गाड्याही उभ्या राहत नाहीत.

रात्रीची डिलिव्हरी असेल, नाइलाज असेल, तर रात्री जागा असणारा वॉचमन हवा, त्याला आयसोलेटर कुठे आहे ते माहीत हवं, आणि त्याची झोपायची खाट चार्जिंगच्या खोलीत नको. हे लिहावं लागतंय, कारण थंडीत चार्जरची ऊब मिळते म्हणून तिथेच झोपतात.

सॉकेटवर टायमर लावा, साडेचार तासांनी सप्लाय तोडणारा. चार्जरचा ऑटोकट आहेच, हा दुसरा. फुल झाली की काढा, तशीच लावून ठेवू नका. एलएफपीच्या काही बॅटऱ्यांना कंपनी मधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करायला सांगते, ते पाळा, तेही माणूस समोर असताना.

थांबा: बॅटरी चार्जच घेत नाही, मीटरवर व्होल्टेज जवळजवळ शून्य. अशा वेळी दुसऱ्या बॅटरीवरून वायर मारून "झटका देऊन उठवतात", किंवा बीएमएस बायपास करून थेट चार्ज करतात. गॅरेजवाले हे सर्रास करतात आणि बॅटरी चालूही होते, धोका तिथेच आहे. सेल फार खोल उतरला की आतलं तांबं विरघळतं, पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमा होतं आणि आतून शॉर्टची तयारी होते. दोन-चार आठवडे चालेल आणि मग एका रात्री पेटेल. झोपलेली बॅटरी सर्व्हिस सेंटरला जाऊ द्या.

## ७. वापरात नसलेल्या बॅटऱ्या कशा ठेवायच्या

दिवाळीच्या सुट्ट्या, मंदीचा सीझन, गाडी दुरुस्तीला, अशा वेळी बॅटरी पडून राहते. फुल करून ठेवायची नाही आणि रिकामीही नाही, ३० ते ५० टक्के. फुल असेल तर बॅटरी लवकर म्हातारी होते आणि काही बिघडलंच तर आत पेटायला ऊर्जाही जास्त. रिकामी असेल तर बीएमएस स्वतः थोडं थोडं खात राहतो आणि दोन-तीन महिन्यांत ती वर सांगितलेल्या खोल अवस्थेत जाते.

दर दोन महिन्यांनी डिस्प्लेवर किंवा अ‍ॅपवर टक्के बघा, वहीत लिहा, २० च्या खाली आली असेल तर चाळीसपर्यंत आणा. एलएफपीमध्ये नुसत्या व्होल्टमीटरवरून अंदाज घेऊ नका, तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, ३० टक्के आणि ६० टक्के यात फरक कळत नाही.

जागा थंड आणि कोरडी, २५ अंशांच्या आसपास मिळाली तर उत्तम. खिडकीतलं ऊन नको, गाडीच्या डिक्कीत नको. चार्जिंगच्या रॅकवर स्टोअरेज नको, दोन्ही वेगळं ठेवा, नाहीतर एक पेटली की सगळा साठा जातो. टर्मिनल उघडे असतील तर टेप लावा. ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या स्क्रू, नट, किल्ल्या असलेल्या ड्रॉवरमध्ये टाकतात, तो ड्रॉवर आजच रिकामा करा. हवाबंद लोखंडी पेटीत ठेवणं सुरक्षित वाटतं पण सेल फुटला की गॅसचा दाब आत कोंडतो. पेटी हवी तर गॅस बाहेर जाईल अशी झरोकेवाली हवी.

## ८. फुगलेली, पडलेली, भिजलेली बॅटरी

हिची जागा आधीच तयार हवी, बॅटरी फुगल्यावर शोधायची नाही. बाहेर उघड्यावर, भिंत, गाड्या, खिडक्या यांच्यापासून लांब, जेवढी लांब तेवढं बरं, निदान पाचेक मीटर. लोखंडी ड्रम किंवा घमेलं, तळाला कोरडी वाळू, वर पावसाचं पाणी पडणार नाही असा सुटा पत्रा, झाकण घट्ट बंद नाही.

थंड आहे, धूर नाही, आवाज नाही, अशीच बॅटरी उचलून तिथे न्यायची. हातमोजे, चष्मा घाला. टोचायची नाही, दाबायची नाही, उघडायची नाही. मिठाच्या पाण्यात बुडवा असा सल्ला फिरत असतो, मोठ्या पॅकला ते करू नका, पाण्यात करंट वाहून हायड्रोजन सुटतो. मग कंपनीला किंवा डीलरला फोन, घेऊन जा म्हणून. रिक्षात घालून स्वतः पोचवायला जाऊ नका.

## ९. धूर दिसला तर

फुसफुस, टकटक असे आवाज आणि पांढरा दाट धूर, ही सुरुवात. तो धूर विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतं, आणि तोच धूर पेटही घेतो. तोंडावर रुमाल बांधून काही होत नाही.

१. ओरडा, सगळ्यांना बाहेर काढा.
२. बाहेर पडता पडता आयसोलेटर बंद.
३. खोलीचं दार ओढून घ्या.
४. बाहेरून १०१ किंवा ११२. "लिथियम बॅटरीची आग, स्कूटरच्या आठ बॅटऱ्या, तळमजला, मागची खोली" असं सांगा. नुसतं "आग लागलीय" नको.
५. हजेरी घ्या. कुणीही मोबाईल, गल्ला किंवा गाडी काढायला परत आत जाणार नाही.

पेटती बॅटरी उचलून बाहेर फेकायचा मोह होतो, त्यात हात आणि चेहरा भाजतो, करू नका.

एक्स्टिंग्विशरबद्दल: एबीसी पावडर किंवा सीओटू ज्वाळा क्षणभर दाबेल, पण आतली उष्णता जात नाही आणि पॅक परत पेटतो. त्याचा उपयोग शेजारची खोकी, वायरिंग पेटू लागली तर, तोही पाठीमागे मोकळं दार असेल तेव्हाच. "लिथियमसाठी खास" म्हणून क्लास डी सिलिंडर गळ्यात मारणारे विक्रेते येतात, तो मॅग्नेशियम-सोडियमसारख्या धातूंसाठी असतो, लिथियम-आयनला त्याचा उपयोग नाही. थंड करायला पाणीच लागतं, भरपूर आणि बराच वेळ, आणि मोठ्या पॅकवर ते काम श्वासाचं उपकरण घातलेल्या फायर ब्रिगेडच्या माणसांचं. टेबलावर फोन किंवा पॉवर बँक पेटली, धूर थोडा आहे, तर सॉकेटचा स्विच बंद करून लांबूनच पाण्याची बादली ओता, ते चालतं.

विझल्यावरही ती बॅटरी आत आणू नका. तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही परत पेटते. बाहेर मोकळ्यावर ठेवा आणि जवळ कुणी फिरकणार नाही असं बघा.

सहा महिन्यांतून एकदा मॉक ड्रिल घ्या, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नाही, ऐन कामाच्या वेळेत, माळ्यावर माणसं असताना.

## १०. जुनी बॅटरी कुठे जाते

भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तो ती हातोड्याने फोडतो किंवा त्यातले बरे सेल काढून दुसऱ्या पॅकमध्ये घालतो, आणि तोच पॅक कुणाच्या तरी घरात रात्री चार्जिंगला लागतो. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी बाकीच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून नोंदणीकृत रिसायकलर किंवा कंपनीच्या कलेक्शनकडे द्यायची जबाबदारी वापरणाऱ्याचीही आहे, आणि परत गोळा करून पुढे पाठवायची बनवणाऱ्या कंपनीची. म्हणून नवीन बॅटरी घेतानाच डीलरकडून बिलावर लिहून घ्या की जुनी परत नेणार, नंतर फोन उचलत नाहीत. देताना टर्मिनलला टेप लावा, वहीतला नंबर आणि दिल्याची तारीख लिहा, पावती त्याच पानाला स्टेपल करा. ज्या चार्जरची बॅटरी गेली तो चार्जरही त्याच दिवशी सोबत द्या, रॅकवर बिनजोडीचा चार्जर राहू देऊ नका.